मदत हवी आहे : अ‍ॅपल सिलिकॉन मॅकवर टेप बॅकअपच्या ड्रायव्हरला मान्यता देताना सुरक्षा कितपत कमी करावी?

मूळ प्रश्न

नमस्कार.

शाहिरी, भारूड, गोंधळ अशा लोककलांचे ध्वनिचित्रमुद्रण करणे आणि ते जपून ठेवणे, हे आमच्या लहानशा संस्थेचे काम आहे. प्रत्येक मूळ मुद्रण आम्ही दोन एलटीओ-८ (माहिती साठवण्याच्या चुंबकीय फितीचा एक प्रकार) टेपांवर उतरवतो. एक टेप कार्यालयात राहते आणि दुसरी परगावी पाठवली जाते. आमचा टेप ड्राइव्ह सॅस जोडणीचा आहे आणि तो थंडरबोल्टच्या अडॅप्टरमार्फत मॅकला जोडलेला असतो. जुन्या इंटेल मॅकवर ही व्यवस्था बिनतक्रार चालत होती. तो मॅक कायमचा बंद पडल्यामुळे त्याच्या जागी अ‍ॅपल सिलिकॉनचा, म्हणजे अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपचा, मॅक मिनी घेतला आणि तेव्हापासून टेपचे सगळे काम अडून राहिले आहे.

अडॅप्टरच्या निर्मात्याने दिलेला ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) आणि त्यानंतर एलटीएफएससह (टेपवरील फाइली डिस्कवरच्यासारख्या वापरू देणारी पद्धत) बॅकअपचे सॉफ्टवेअर, असे दोन्ही इन्स्टॉल केले. इन्स्टॉलेशन सुरळीत झाल्याचा संदेश आला, परंतु लगेच सिस्टम एक्स्टेन्शन अडवले गेल्याची सूचना दिसली. ‘सिस्टम सेटिंग्ज’मधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या भागात मान्यता देण्यास गेलो, तर तेथे ‘अलाऊ’चे बटण मिळण्याऐवजी रिकव्हरीमध्ये (मॅकच्या दुरुस्तीसाठी असलेल्या वेगळ्या व्यवस्थेत) जाऊन सुरक्षेची सेटिंग बदलावी लागेल, असे सांगण्यात येते. ‘सिस्टम इन्फर्मेशन’मध्ये थंडरबोल्टच्या यादीत अडॅप्टरचे नाव व्यवस्थित दिसते, पीसीआयच्या यादीत मात्र त्याच अडॅप्टरसमोर ‘ड्रायव्हर इन्स्टॉल्ड : नो’ असे लिहिलेले आहे. बॅकअपच्या सॉफ्टवेअरला अर्थातच एकही टेप ड्राइव्ह सापडत नाही.

ज्यांच्याकडून ही सामग्री घेतली त्या विक्रेत्याच्या तंत्रज्ञाला दूरध्वनी केला. रिकव्हरीत जाऊन सिस्टमचे संरक्षण पूर्णपणे बंद करा, म्हणजे काहीही अडणार नाही, असा त्यांचा सल्ला होता. हा सल्ला मला पटलेला नाही. ज्या यंत्रावरून एखाद्या कलावंताच्या मुद्रणाची एकुलती एक मूळ प्रत टेपवर जाणार आहे, त्या यंत्राचे सगळे दरवाजे उघडे टाकणे मला योग्य वाटत नाही, विशेषतः तेच यंत्र इंटरनेटशीही जोडलेले असताना.

तरीही रिकव्हरीपर्यंत जाऊन पाहिले. हा मिनी एरवी मॉनिटरशिवाय असतो आणि आम्ही तो स्क्रीन शेअरिंगने चालवतो, म्हणून या कामापुरता मॉनिटर आणि वायरचा कीबोर्ड जोडला. माझ्या सहकाऱ्याने मिनी बंद करून पॉवरचे बटण एकदा दाबले, पडद्यावर काही दिसेना म्हणून लागलीच पुन्हा दाबून धरून ठेवले. त्यानंतर स्टार्टअपचे पर्याय आले, ‘ऑप्शन्स’मधून आत जाता आले, परंतु ‘स्टार्टअप सिक्युरिटी युटिलिटी’मध्ये ‘फुल सिक्युरिटी’ सोडून दुसरे काही ठरवता येईना. पासवर्ड अ‍ॅडमिनचाच दिला होता आणि तो बरोबर होता.

माझे प्रश्न असे आहेत. ड्रायव्हर चालण्यासाठी सुरक्षा खरोखर किती खाली आणावी लागते? ती कमी केल्यास फाइलव्हॉल्टने एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर काही परिणाम होतो का? आणि सेटिंग बदलता का येत नसावी? सविस्तर उत्तर मिळाल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद १

आपला संशय योग्य आहे. तंत्रज्ञांनी सांगितले तितके खाली जाण्याची मुळीच गरज नाही.

अ‍ॅपल सिलिकॉनवर सुरक्षेच्या तीन पातळ्या आहेत. फुल सिक्युरिटीमध्ये बाहेरच्या कंपनीचे कर्नल एक्स्टेन्शन (मॅकओएसच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, चालणारा ड्रायव्हर) चालतच नाही. रिड्यूस्ड सिक्युरिटीमध्ये ते चालू शकते, पण त्यासाठी निर्मात्याची अ‍ॅपलकडे नोंद असलेली स्वाक्षरी हवी आणि शिवाय आपण प्रत्यक्ष मान्यता द्यायला हवी. पर्मिसिव्ह सिक्युरिटी ही तिसरी आणि सर्वांत सैल पातळी. सिस्टम इंटिग्रिटी प्रोटेक्शन (सिस्टमच्या फाइलींत फेरफार होऊ न देणारे संरक्षण) बंद केले की यंत्र तिथे जाते. तंत्रज्ञ आपल्याला तिसऱ्या पातळीवर पाठवत होते, तर ड्रायव्हरला दुसरी पुरेशी आहे. दुसऱ्या पातळीवर इंटिग्रिटी प्रोटेक्शन चालूच राहते आणि फाइलव्हॉल्टचे एन्क्रिप्शनही आहे तसेच राहते. हे धोरण त्या त्या मॅकओएसपुरते असते. बाहेरच्या डिस्कवर दुसरी मॅकओएस असेल तर तिचे धोरण वेगळे.

आता सेटिंग का बदलत नाही ते पाहू. आपण बटणाचे वर्णन इतके नेमके केले आहे की कारण त्यातच सापडते. मॅक पूर्ण बंद असताना बटण एकदाच दाबून, न सोडता धरून ठेवले तर यंत्र आपल्या जोडीच्या, म्हणजे त्याच मॅकओएससोबतच्या, रिकव्हरीत जाते. एकदा दाबून सोडले आणि लगेच पुन्हा दाबून धरले, तर ते राखीव रिकव्हरीत जाते. दोन्ही दिसायला जवळपास सारख्याच आहेत, परंतु राखीव रिकव्हरीतून सुरक्षेची पातळी कमी करण्याची मुभा मुद्दामच ठेवलेली नाही. त्यामुळे पासवर्ड बरोबर असूनही बदल होत नाही. बटण प्रत्यक्ष हाताने दाबलेले असावे लागते, यामागेही हेतू आहे : दूरवरून यंत्रात शिरलेल्या कोणालाही, अगदी अ‍ॅडमिनचा पासवर्ड हाती लागला तरी, ही पातळी खाली आणता येऊ नये. स्क्रीन शेअरिंगने हे काम होणार नाही. मॉनिटर जोडलात ते योग्यच केले.

मिनी बंद करून दहा-पंधरा सेकंद थांबा. मग बटण एकदाच दाबा आणि पडद्यावर स्टार्टअपचे पर्याय लोड होत असल्याचे अक्षरांत दिसेपर्यंत बोट उचलू नका. ‘ऑप्शन्स’मधून आत गेल्यावर युटिलिटीजच्या मेन्यूतून ‘स्टार्टअप सिक्युरिटी युटिलिटी’ उघडा, आपली डिस्क निवडा आणि ‘रिड्यूस्ड सिक्युरिटी’वर खूण करा. त्याखाली दोन चौकटी दिसतील. पहिली चौकट ओळख पटलेल्या निर्मात्यांची कर्नल एक्स्टेन्शन वापरकर्त्याला हाताळू देते, तेवढीच निवडा. दुसरी दूरस्थ व्यवस्थापनासाठी आहे. आपल्याकडे यंत्रांचे केंद्रीय व्यवस्थापन नसेल तर ती कोरी ठेवा.

पुन्हा सुरू झाल्यावर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये ‘अलाऊ’ मिळेल. ते दाबताना निर्मात्याचे नाव वाचून घ्या. ते अडॅप्टर बनवणाऱ्या कंपनीचेच असायला हवे. मान्यता दिली की मॅक पुन्हा रीस्टार्ट मागेल, कारण मान्य झालेली एक्स्टेन्शन एकत्र बांधून पुढच्या स्टार्टअपच्या वेळीच कर्नलमध्ये घेतली जातात. हा रीस्टार्ट टाळून ड्राइव्ह शोधत बसण्यात बराच वेळ वाया जातो. मॅकवरची एलटीएफएस बहुधा फ्यूज नावाच्या वेगळ्या घटकावर उभी असते. त्याचा निर्माता निराळा असल्यामुळे त्याची मान्यताही निराळी मागितली जाऊ शकते. अडॅप्टरला परवानगी दिली म्हणजे दोन्ही मिटले, असे समजू नका.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. अ‍ॅपलने २०१९ मध्ये मॅकओएस कॅटलिनासोबत ड्रायव्हरकिट आणले. त्यावर बांधलेले ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर चालतात, त्यामुळे त्यांना मान्यता लागते तरी फुल सिक्युरिटी सोडावी लागत नाही. आपल्या अडॅप्टरसाठी निर्मात्याने असा ड्रायव्हर काढला आहे का, हे रिकव्हरीत जाण्याआधी त्यांच्या डाउनलोडच्या पानावर अवश्य पाहा. असेल तर वरचे बहुतेक सगळे करायची गरजच उरणार नाही.

प्रतिसाद २

वरील उत्तराशी सहमत आहे. केवळ पर्याय म्हणून नोंदवतो : सुटे लिनक्स यंत्र उपलब्ध असेल तर टेपचे काम त्याच्याकडे सोपवण्याचा विचार करावा. टेप ड्राइव्हचा मूळ ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच असतो आणि अनेक सॅस कार्डांचेही तसेच आहे, त्यामुळे वेगळ्या मान्यतेचा प्रश्न येत नाही. बाहेरून बांधलेले मॉड्यूल घालायचे असेल आणि सिक्युअर बूट (स्वाक्षरी तपासूनच यंत्र सुरू करणारी सोय) चालू असेल, तेव्हाच त्याची किल्ली स्टार्टअपच्या वेळी नोंदवावी लागते. एलटीएफएस हे २०१६ पासून आयएसओचे मानक आहे, म्हणून मॅकवर लिहिलेल्या टेपा तिथे वाचता यायला हव्यात.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार.

प्रथम निर्मात्याच्या पानावर शोध घेतला. आमच्या जुन्या अडॅप्टरसाठी कर्नल एक्स्टेन्शनच उपलब्ध आहे, ड्रायव्हरकिटचा ड्रायव्हर फक्त नव्या मॉडेलांसाठी दिलेला आहे. त्यामुळे रिकव्हरीचा मार्ग घेतला. बटण एकदाच दाबून धरल्यावर रिड्यूस्ड सिक्युरिटी निवडता आली आणि बदल विनातक्रार स्वीकारला गेला. पहिलीच चौकट निवडली. मान्यतेच्या वेळी अडॅप्टरची कंपनी आणि फ्यूज अशी दोन नावे खरोखरच स्वतंत्रपणे आली. रीस्टार्टनंतर पीसीआयच्या यादीत ‘ड्रायव्हर इन्स्टॉल्ड : येस’ दिसले आणि सॉफ्टवेअरला ड्राइव्ह सापडला.

नवी टेप लावण्याआधी एक जुनी टेप, तिची लिहिण्यास अटकाव करणारी कळ सरकवून, ड्राइव्हमध्ये घातली. फोल्डरांची यादी आमच्या नोंदवहीशी तंतोतंत जुळली. सध्या तिच्यावरील सर्व फाइलींची चेकसमने (फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या आकड्याने) पडताळणी चालू आहे. भरलेली एलटीओ-८ टेप १२ टेराबाइटची आणि ड्राइव्हचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त ३६० मेगाबाइट, म्हणजे सगळे सुरळीत चालले तरी सव्वानऊ तास लागणारच. तेवढा वेळ मॅकने झोपी जाऊ नये, म्हणून ती सेटिंगही बदलून ठेवली आहे.

एका गोष्टीबद्दल अजून मार्गदर्शन हवे आहे. या यंत्रावर मॅकओएसची पुढची मोठी आवृत्ती घेण्यापूर्वी अडॅप्टरचा आणि फ्यूजचा ड्रायव्हर तिच्याशी जुळतो की नाही, एवढे तपासणे पुरेसे आहे का? की डिस्क पुसून नव्याने इन्स्टॉल केले तरच सुरक्षा पुन्हा फुल होते आणि साध्या अपडेटनंतर हे धोरण टिकून राहते?

प्रतिसाद १ चे लेखक

आपण म्हणता तसेच आहे. साध्या अपडेटनंतर धोरण टिकते; डिस्क पुसून नव्याने इन्स्टॉल केल्यास मात्र फुल सिक्युरिटीपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. तरीही मोठी आवृत्ती घेण्यापूर्वी दोन्ही निर्मात्यांनी तिच्यासाठी पाठिंबा जाहीर केल्याची खात्री करून घ्या आणि तोवर आपोआप होणारे अपग्रेड बंद ठेवा. ड्रायव्हरची नवी आवृत्ती घातल्यावर पुन्हा मान्यता आणि रीस्टार्ट लागू शकतो, तेव्हा मॉनिटर आणि कीबोर्ड मिनीच्या जवळच असू द्या.