अरुंद घळीतून लहान मुलांना घेऊन जायचंय: वेळ, पाणी आणि हेल्मेट

पायवाट:
मुलं साडेतीन आणि सात वर्षांची. डोंगरातली घळ आहे, दोन्हीकडे उभे कडे आणि तळाशी ओढा. जाऊन-येऊन ८ किलोमीटर. जाताना उतार, येताना साधारण ३०० मीटर चढ. मध्ये कड्याला ठोकलेल्या फळ्यांवरून वाट जाते, आणि दोनदा ओढा ओलांडावा लागतो. धाकट्याला पाठीवरच्या कॅरिअरमध्ये घेणार आहोत. वेळ किती धरावा? पाण्यात उतरावं का? हेल्मेट खरंच लागतं का? पावसाचा अंदाज बघूनच निघू.

कातळकडा:
अंदाज कुठला बघणार ते आधी ठरवा. घळीतलं पाणी वरच्या सगळ्या पाणलोटातून येतं. तुमच्या डोक्यावर लख्ख ऊन असतानाही, कित्येक किलोमीटर वर कोसळलेल्या सरीचा लोंढा खाली येतो. नकाशावर ओढा उगमापर्यंत मागे न्या आणि तिथला अंदाज बघा, आदल्या दिवशीच्या पावसासकट. जमीन आधीच भिजलेली असेल तर नवा पाऊस मुरत नाही, सरळ वाहून येतो. वर धरण किंवा जलविद्युत केंद्र असेल तर पावसाशिवायही पाणी सोडलं जातं, तेव्हा तोंडाशी लावलेला फलक वाचल्याशिवाय आत शिरू नका.

नितळ पाणी गढूळ झालं, काटक्या-पाचोळ्याचे पुंजके वाहत आले, वरून घरघर ऐकू आली किंवा मघाशी उघडे असलेले दगड बुडाले, तर तो लोंढा समजा. यातलं एक दिसलं तरी पुरे. वाटेने मागे पळू नका, पाणी तुम्हाला गाठतं. वर चढा. त्यासाठी चालतानाच शोधत राहायचं: आत्ता पाणी आलं तर मुलांना घेऊन कुठे चढता येईल? कपारींत अडकलेला जुना पाचोळा पूर्वीच्या पुराची उंची दाखवतो; तुमची जागा त्याच्याही वर हवी. जिथे अशी जागाच नाही तो टप्पा न थांबता पार करायचा. तिथे खाणं नाही, फोटो नाही.

आता ओलांडणं. वेगाच्या पाण्यात १५ सेंटिमीटर खोलीलाही मोठ्या माणसाचा पाय सुटू शकतो. थोरल्यासाठी मी मर्यादा अशी धरेन: पाणी त्याच्या गुडघ्याच्या खाली, तळ स्वच्छ दिसतोय, आणि प्रवाहाच्या खालच्या अंगाला लगेच डोह किंवा धबधबा नाही. एक मोठा माणूस प्रवाहाच्या वरच्या बाजूला, दुसरा खालच्या, मूल मध्ये. मुलाच्या कमरेला दोरी मुळीच बांधू नका: पाय घसरला की ताणलेली दोरी त्याला पाण्याखाली दाबून धरते. कॅरिअरमधलं मूल तर पट्ट्यांनी जखडलेलं असतं. तुम्ही पडलात तर ते स्वतः डोकं वर काढू शकत नाही. म्हणून कॅरिअर पाठीवर असताना वाहत्या पाण्यात उतरायचंच नाही. पूल किंवा भक्कम, कोरडे दगड नसतील तर वाट तिथे संपली असं धरा.

उतारवाट:
वेळेबद्दल. मोठ्यांसाठी तासाला ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त, हा नेहमीचा हिशेब. तुमच्या वाटेला तो दोन तासांच्या थोडा वर जातो. मुलांसोबत दुप्पट करा आणि थांबण्यासाठी तासभर घाला, म्हणजे सव्वापाच तास. चढ शेवटी, दमलेल्या पायांनी आहे, त्यामुळे वेळ अर्धी-अर्धी वाटू नका. निघाल्यापासून दोन तास झाले की असाल तिथून परत.

हेल्मेट लागतं, सगळ्यांना. वरून जाणारी जनावरं आणि माणसं दगड सुटे करतात, पाऊस आणि पाणी गोठवणाऱ्या थंडीनंतर ते आपोआपही सुटतात. गिर्यारोहणाचं, ईएन १२४९२ मानकाचं घ्या. सायकलचं हेल्मेट वरून पडणाऱ्या दगडासाठी बनवलेलं नसतं. धाकट्याला हेल्मेट घालून कॅरिअरमध्ये आधी घरी बसवून बघा, पाठीमागची चौकट हेल्मेट पुढे ढकलते आणि झोपल्यावर मान मुडपते. शिवाय त्याचं डोकं तुमच्या डोक्याच्या वर असतं: खाली आलेल्या कातळाखालून जाताना कमरेत वाकू नका, गुडघ्यांत बसा.

ज्या कड्यावर ताजी, फिकट खपली निघालेली दिसते आणि खाली धारदार कडांचे दगड पडलेत, तिथे विसावा नको.

पायवाट:
फार उपयोगी. फळ्यांच्या वाटेला कठडा आहे, तो पुरे का? आणि आत फोन लागतो का?

ओहोळ:
कठडा मोठ्यांच्या कमरेच्या हिशेबाने असतो. दोन तारांच्या मधून लहान मूल आरपार जातं. मूल कड्याच्या बाजूला, तुम्ही दरीच्या बाजूला, आणि पकड बोटांची नाही, मनगटाची. पाऊल खिळ्यांच्या रेषेवर टाका, तिथे फळीखाली आधाराचं लाकूड असतं.

फोनवर विसंबू नका. कडे सिग्नल अडवतात आणि जीपीएसची जागाही चुकते, कारण उपग्रहांच्या लहरी कातळावर आपटून येतात. नकाशा आधी उतरवून घ्या, परतायची वेळ कुणाला तरी सांगून ठेवा. शिट्टी प्रत्येकाजवळ हवी. मुलांची गळ्यात न घालता पट्ट्याला अडकवा, दोरी फांदीत अडकून गळा आवळू शकतो. मदतीसाठी मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा. धबधब्याजवळ हाक ऐकू येत नाही, तेव्हा ‘थांब’ची हाताची खूण थोरल्याशी आधीच ठरवा.

रानवारा:
थंडीचं राहिलं. घळीत ऊन क्वचित पोचतं आणि कॅरिअरमधलं मूल हलत नाही. तुम्हाला घाम फुटलेला असताना ते गारठलेलं असू शकतं. दर अर्ध्या तासाने त्याची मानेची मागची बाजू चाचपा, खाली उतरवून पाय हलवू द्या. सुती कपडे ओले झाले की अंग गार पाडतात, लोकरी किंवा फ्लीसचे घ्या. रडणारं मूल अचानक गप्प आणि सुस्त झालं तर ते निवांत झालंय असं समजू नका, आधी कोरडे कपडे चढवा.

नॅपी आणि शी यांच्यासाठी एरवी पाण्यापासून ६० मीटर दूर जायचं असतं. घळीत तेवढी जागाच नसते, म्हणून सगळं दुहेरी पिशवीत बांधून बाहेर आणायचं, पुसायचे कागदसुद्धा.