फाशी हवी की नको? कोपर्डीच्या मोर्चात चाललेल्यांनी तरी बोलावं

सेलूकर: कोपर्डीत शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर ९ ऑगस्ट २०१६ ला औरंगाबादच्या मोर्चात मी होतो. मोर्चा मूक, पण हातात 'फाशी द्या'चा फलक. पुढच्या वर्षी नगरच्या कोर्टानं तिघांना फाशी सुनावली, तेव्हा गल्लीत पेढे वाटले. त्यातला एक २०२३ मध्ये येरवड्यात मेला, पण फासावर अजून कुणी गेलं नाही. माझं मत तेच आहे. फक्त निकाल लवकर लागावा.

वकील, उदगीर: सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय देताच येत नाही, आपल्याकडची प्रकरणं त्यासाठी औरंगाबाद खंडपीठात जातात. ही चाळणी आहे. अन् तिच्यातूनही काय निसटतं बघा. नाशिकजवळ २००३ मध्ये एका घरावर दरोडा, बलात्कार, पाच खून. भटक्या जमातीतले सहा जण धरले. उच्च न्यायालयानं त्यातल्या तिघांना जन्मठेप दिली होती. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं सगळे निर्दोष सोडले! वाचलेल्या बाईनं सुरुवातीलाच पोलिसांकडच्या फोटोंतून दुसरेच चौघे ओळखले होते, त्यांचा तपासच झाला नाही. भरपाई प्रत्येकी ५ लाख. निकाल तुमच्या म्हणण्याप्रमाणं लवकर लागला असता, तर ते पैसे कुणाच्या हातात ठेवले असते?

माजलगावकर: काय बोलायलाव वकीलसाहेब! पोलिसांनी तपासात माती खाल्ली म्हणून शिक्षाच काढायची? कोल्हापूरच्या त्या दोन बहिणींनी लेकरं पळवून मारली. २००६ ला सर्वोच्च न्यायालयानं फाशी कायम केली, पुढं राष्ट्रपतींनी दयाही नाकारली. तरी २०२२ ला मुंबईत जन्मठेप झाली. कामून? तर सरकारनं फाईल रखडवली. झोपलं सरकार, वाचल्या त्या. त्या लेकरांच्या आयांनी काय करायचं? अन् जन्मठेप म्हणजे चौदा वर्षांनी गावात डीजे लावून मिरवणूक.

वकील, उदगीर: चौदा वर्षं ही सुटकेचा विचार करण्याआधीची किमान मुदत आहे, आपोआप सुटका नव्हे. मरेपर्यंत आत, असंही कोर्ट लिहू शकतं. तशी मागणी करा, पहिली सही माझी.

माजलगावकर: अन् त्याला आयुष्यभर आपल्या करातून भाकरी?

औशाची सेविका: भाकरीचं राहू द्या भाऊ, ती मोजायची तर फाशीच्या खटल्याचा खर्चही मोजा. अंगणवाडीत वीस वर्षं काढली, म्हणून सांगते. लहान पोरीवर हात टाकणारा बहुतेक वेळा घरातलाच निघतो. चुलता, मामा, शेजारचा आजोबा. २०१८ पासून बारा वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्काराला फाशीची तरतूद आली. आता घरातली म्हातारी म्हणते, "तक्रार केलीस तर तो लटकंल, घर उठंल." दहा वर्षांच्या शिक्षेला कदाचित तयार झाली असती ती माय. फाशीच्या भीतीनं गुन्हेगार थांबला का, ठाऊक नाही. आई मात्र ठाण्याच्या दारातून मागं फिरलेली मी पाहिलीय.

माजलगावकर: ताई, हे खरंय. पण रस्त्यावरचा नराधम वेगळा. त्याला दया नाही.

सेलूकर: ताईंना माझ्याकडं उत्तर नाही. कोपर्डीसाठी मी अजून फाशीच्याच बाजूनं आहे. पण वकीलसाहेबांचं ते नाशिकचं डोक्यातून जाईना. त्या सहा जणांच्या वेळी मोर्चा निघाला असता तर मी फलक धरला असता का? धरला असता.