लिनक्सवर क्रोम नको, मग कोणता ब्राउझर? (अभ्यासिकेतल्या जुन्या मशीनसाठी)

महालकर
नागपूरच्या महाल भागात आमच्या वस्तीची एक छोटी अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी बसतात. तिथे आठ-दहा जुने डेस्कटॉप आहेत, ४ जीबी रॅमचे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ही मशीन घेत नाहीत, म्हणून सगळ्यांवर लिनक्स मिंट ही फुकटातली ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. मिंटबद्दल कोणाचीच तक्रार नाही. वाद पेटलाय तो ब्राउझरवरून. निम्मे म्हणतात क्रोम टाका, बाकीचे म्हणतात ब्रेव्ह टाका, क्रोमला तोच पर्याय.

माझं मत स्पष्ट आहे. पर्याय म्हणायचं तर इंजिन, म्हणजे वेबपान वाचून पडद्यावर मांडणारा आतला भाग, वेगळं हवं. ब्रेव्ह, विवाल्डी, ऑपेरा, एज हे सगळे आतून क्रोमियमच, म्हणजे क्रोम ज्यावर उभा आहे तो गूगलचा पाया. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचं प्रेस्टो इंजिन सोडलं, मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये एज क्रोमियमवर नेला. पाटी बदलली तरी पीठ त्याच गिरणीचं. वेब कसं चालावं हे एकाच कंपनीच्या इंजिनावर ठरू लागलं की साइट बनवणारेही तेवढ्यावरच तपासतात आणि बाकीच्यांची दारं बंद होतात. लिनक्सवर आज दमदार असं वेगळं इंजिन म्हणजे फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं गेको. ग्नोम वेब या ब्राउझरमध्ये वेबकिट हे इंजिन आहे, पण त्याची एक्स्टेन्शनची, म्हणजे वरून जोडायच्या साधनांची, बाजू लंगडी. म्हणून मी म्हणतो, फायरफॉक्स किंवा त्याच्याच कुळातला.

आणि रोजचं कारण म्हणजे जाहिराती. क्रोमने २०२५ मध्ये जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन बंद केली, त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन गेलं. उरलं ते त्याचं लाइट रूप, त्याचे हात बांधलेले. फायरफॉक्समध्ये पूर्ण यूब्लॉक अजून चालतं. ४ जीबीच्या मशीनवर जाहिराती अडल्या तर पान उघडण्यात जो फरक पडतो, तो पोरांना सांगावा लागत नाही.

धरमपेठी
भाऊ, तत्त्व पटतं, पण अभ्यासिका तत्त्वावर नाही चालत. पोरं तिथे फॉर्म भरायला येतात. शेवटच्या दिवशी रात्री साडेअकराला पेमेंटचं पान फायरफॉक्सवर अडलं तर इंजिनांची विविधता काय कामाची? एका सरकारी पोर्टलवर तर चक्क लिहिलेलं असतं, क्रोममध्येच उघडा.

सुरक्षेचंही बघा. प्रत्येक साइट वेगळ्या प्रोसेसमध्ये कोंडून ठेवायचं काम क्रोमने २०१८ मध्ये सुरू केलं, फायरफॉक्सला २०२१ उजाडलं. आणि ब्रेव्हचा जाहिरात अडवणारा भाग एक्स्टेन्शन नाहीच, तो रस्ट या भाषेत लिहून ब्राउझरच्या आतच बसवलाय. क्रोमने नियम बदलले तरी त्याला धक्का नाही. यूब्लॉकसारखी मोजकी जुनी एक्स्टेन्शनही ब्रेव्हने चालू ठेवली आहेत. मग अडचण काय?

महालकर
अडचण विश्वासाची. २०२० मध्ये ब्रेव्हमध्ये काही क्रिप्टो एक्स्चेंजचे पत्ते टाइप केले की स्वतःचा कमिशनवाला कोड आपोआप जोडला जायचा. बोभाटा झाल्यावर काढलं. पत्त्याच्या पट्टीत मी काय लिहितो त्यात ब्राउझरने हात घालायचा नाही, एवढी साधी अपेक्षा आहे. शिवाय ब्रेव्हमध्ये वॉलेट, रिवॉर्ड्स वगैरे असतंच. बारावीतल्या पोरांच्या समोर ते बटण काऊन ठेवायचं?

धरमपेठी
वॉलेट आणि रिवॉर्ड्स दोन्ही पॉलिसीने, म्हणजे ब्राउझरला आधीच लिहून दिलेल्या नियमांनी, बंद होतात, सगळ्या मशीनवर एकदम. बटण दिसतही नाही.

इतवारीवाला
मोझिलाला साधू समजू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी फायरफॉक्सला वापराच्या अटी लावल्या आणि 'तुमचा डेटा आम्ही कधीच विकणार नाही' हे वचन साइटवरून काढून टाकलं. लोक पेटले तेव्हा भाषा बदलली. आणि त्यांचं बहुतांश उत्पन्न गूगलकडूनच येतं, सर्च डिफॉल्ट ठेवायचे पैसे. म्हणजे गूगलविरुद्धचा झेंडा गूगलच्याच पैशावर फडकून रायला. गूगलच्या मक्तेदारीवरच्या अमेरिकेतल्या खटल्यात सप्टेंबर २०२५ च्या निकालाने असे पैसे देणं पूर्ण बंद केलं नाही, म्हणून तरी निभावलं.

माझा सल्ला लिब्रेवुल्फ, फायरफॉक्सवरूनच बनवलेला ब्राउझर. इंजिन गेकोच, मोझिलाला माहिती पाठवणारं सगळं उपटून टाकलेलं, यूब्लॉक आधीच बसवलेलं. ब्राउझर बंद केला की कुकीज साफ. दहा जण वापरतात त्या मशीनला याहून चांगलं काय?

मानेवाडा_स्नेहा
इतवारीवाला दादा, घरच्या लॅपटॉपला लिब्रेवुल्फ उत्तम, पण अभ्यासिकेत मुळीच नको. कारण नीट सांगते, कारण हे वरवर दिसत नाही.

लिब्रेवुल्फमध्ये ओळख लपवण्याची सेटिंग पहिल्यापासून चालू असते. ती सेटिंग साइटला खरा टाइमझोन सांगत नाही, ग्रिनिचची वेळ सांगते. आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे ब्राउझरच्या घड्याळावर चालणाऱ्या मॉक टेस्टचा सकाळी १० चा स्लॉट उघडायला जावं, तर पान समजतं की आता पहाटेचे ४.३० झालेत.

दुसरं त्याहून वाईट. फॉर्मवर फोटो आणि सही चढवताना अनेक साइट तो फोटो ब्राउझरमध्येच कापून लहान करतात. त्यासाठी पान कॅनव्हास, म्हणजे ब्राउझरमधली चित्र काढायची पाटी, वापरतं आणि कॅनव्हासवरचं चित्र परत वाचून घेतं. आणि कॅनव्हास वाचूनच तुमचं मशीन ओळखता येतं, म्हणून ही सेटिंग वाचणाऱ्याच्या हातात खरं चित्र देतच नाही, भलताच कचरा देते. परिणाम असा की चेहऱ्याच्या जागी रंगीत रेघा चढतात. पोरीने नीट बघितलं तर ठीक, घाईत सबमिट केलं तर रेघांचा फोटो घेऊन अर्ज गेला. हा बिघाड नाही, ठरवून केलेलं संरक्षण आहे, बंदही करता येतं. पण सेटिंगा बंद करत गेलात तर उरतो साधा फायरफॉक्सच. मग तोच का नको?

इतवारीवाला
कॅनव्हासचा मुद्दा मान्य. पण त्या साइटपुरती परवानगी देता येते, पत्त्याच्या पट्टीत खूण येते.

मानेवाडा_स्नेहा
येते. ती खूण कशाची, हे माहीत असलेला मुलगा अभ्यासिकेत त्या वेळी हजर हवा.

स्वदेशी_नागपूर
सगळे परदेशी ब्राउझरच मोजताय. झोहो या भारतीय कंपनीचा उला ब्राउझर आहे की. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय ब्राउझरची स्पर्धा लावली होती, २०२५ मध्ये झोहो पहिली आली. उला लिनक्सवरही मिळतो. आपल्या माणसांचा ब्राउझर मागे का ठेवायचा?

महालकर
झोहोबद्दल आदर आहे, गावाकडे ऑफिस नेणारी कंपनी. पण उलाही क्रोमियमवरच उभा आहे, तेव्हा माझा मूळ मुद्दा तसाच राहतो. इंजिन स्वतः लिहायचं म्हणजे वर्षानुवर्षांचं काम. लेडीबर्ड हा नवा ब्राउझर बनवणारे पहिल्या ओळीपासून ते करतायत, अजून रोजच्या वापराला तयार नाही. इकडे कोणी तसं हाती घेतलं तर मी पहिला टेस्टर.

हिंगणा_रोड
तुम्ही सगळे गोपनीयतेत अडकले, माझा प्रश्न मे महिन्याचा आहे. कूलर असला तरी त्या खोलीत जुन्या मशीनचा पंखा ओरडत असतो. पोरं दिवसभर यूट्यूबवर लेक्चर बघतात. व्हिडिओ प्रोसेसर उलगडतोय की ग्राफिक्स चिप, यावर मशीन किती तापेल ते ठरतं. लिनक्सवर फायरफॉक्सने इंटेल चिपसाठी ही सोय ११५ आवृत्तीत, २०२३ मध्ये, आपोआप चालू केली. क्रोमियमच्या घराण्यात लिनक्सवर तेच मिळवायला वर्षानुवर्षं फ्लॅग, म्हणजे लपलेल्या सेटिंगा, शोधत बसावं लागलं.

पण भाऊ, एक मेख आहे. इंटेलची तिसऱ्या-चौथ्या पिढीची मशीन असतील तर चिपला एच.२६४ येतं, व्हीपी९ येत नाही (दोन्ही व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धती), आणि यूट्यूब आधी व्हीपी९ देतं. मग सगळा भार पुन्हा प्रोसेसरवर. एच.२६४ च मागणारं एक्स्टेन्शन टाका, एनहान्स्ड एच२६४इफाय. नंतर सिस्टिम मॉनिटर उघडून तेच लेक्चर लावून बघा. प्रोसेसरचा आलेख खाली बसलेला दिसेल. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवरचा, स्नॅप पॅकेजमधला फायरफॉक्स पहिल्यांदा उघडायला वेळ घेतो ही तक्रार खूप जणांची आहे, पण मिंटमध्ये तो साध्या डेब पॅकेजमध्ये येतो, ती भीती नाही.

महालकर
हे कामाचं सांगितलंत. मशीन चौथ्या पिढीचीच आहेत.

मग माझं असं ठरतंय: मिंटमधला साधा फायरफॉक्स, आणि सिस्टिमच्या ईटीसी फोल्डरातल्या फायरफॉक्स फोल्डरात पॉलिसीजची जेसन फाइल, म्हणजे नियमांची साधी मजकूर फाइल. मोझिलाला जाणारी माहिती बंद, पासवर्ड जतन करू का हा प्रश्न बंद, यूब्लॉक सक्तीने बसवलेलं, बंद करताना सगळं साफ. फाइल एकदा लिहायची आणि पेनड्राइव्हने सगळीकडे टाकायची.

धरमपेठी
हे सगळं क्रोमियमच्या पॉलिसीतही होतं. आणि 'बंद करताना साफ' तेव्हाच होतं जेव्हा पोरगं ब्राउझर बंद करतं. उघडा टाकून चहाला गेलं तर?

मानेवाडा_स्नेहा
म्हणूनच मिंटच्या लॉगिन विंडोमध्ये गेस्ट सेशन चालू करा. लॉगआउट केलं की त्या पाहुण्याचं अख्खं होम फोल्डर पुसलं जातं. डाउनलोड केलेलं हॉलतिकीट, आधारची पीडीएफ, सगळं. ब्राउझरने कुकीज पुसल्या तरी डाउनलोड फोल्डरला हात लावत नाही. पीडीएफ आपापल्या पेनड्राइव्हवर घ्या, अशी पाटी मात्र भिंतीवर लावा, नाहीतर पोरं रडतील.

धरमपेठी
गेस्ट सेशनला माझं +१. तरी मी माझ्या मुद्द्यावर आहे. निदान एका मशीनवर क्रोमियम ठेवा.

महालकर
एका मशीनवर ठेवतो, मिंटच्याच रिपॉझिटरीतला, म्हणजे अधिकृत सॉफ्टवेअर साठ्यातला. पण साइट अडली तर आधी मोझिलाकडे 'साइट बिघडली' ही तक्रार पाठवायची, मगच त्या मशीनवर बसायचं. तक्रारच गेली नाही तर ती साइट कोण दुरुस्त करणार?

धरमपेठी
शेवटच्या तारखेला नको हा नियम. त्या दिवशी पोराला सरळ तिकडे बसवा, तक्रार तुम्ही स्वतः दुसऱ्या दिवशी पाठवा.

महालकर
हे चालेल. तक्रारी मी पाठवीन. हिंगणा रोड भाऊ, रविवारी वेळ असेल तर या, व्हिडिओची चाचणी तुमच्यासमोरच घेऊ.