सशाचा डॉक्टर कोणाला माहीत आहे का?

(लातूरमधल्या एका सोसायटीचा ग्रुप)

बी-२०४, मुक्ताची आई: नमस्कार. आमच्या सशानं काल रात्रीपासून गवताला तोंड लावलं नाही. सकाळपासून पिंजऱ्यात एक लेंडी नाही, कोपऱ्यात अंग चोरून बसलाय. दोन दवाखान्यांत फोन केला, तिथं फक्त कुत्री-मांजरं बघतात म्हणे. ससा बघणारे डॉक्टर कोणाला माहीत आहेत का?

ए-१०१, काका: उन्हानं झालं असंल. उद्यापर्यंत वाट बघा की.

सी-३०२: काका, उद्या उशीर होईल. सशाचं पोट सतत चालू लागतं. दहा-बारा तास खाणं बंद पडलं की आतडी मंदावतात, गॅस धरतो आणि जनावर हातचं जातं. ताई, आजच निघा. उदगीरला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या दवाखान्यात ससा बघतात का ते फोन करून विचारा. नाही म्हणाले तर परभणीच्या महाविद्यालयात विचारा. गाडीत एसी लावा, या उन्हात ससा तग धरत नाही. पण कान गार लागत असतील तर फडक्यात गुंडाळून न्या.

ए-१०१, काका: आमच्या नातवाचं अमॉक्सिसिलिन उरलंय, थोडं पाजून बघता का?

सी-३०२: नको नको काका! तोंडावाटे ते दिलं की सशाच्या आतड्यातले उपयोगाचे जंतू मरतात, जुलाब लागून दगावतो. कुत्र्याला पिसवांसाठी लावतात ते फिप्रोनिलही सशाला चालत नाही. म्हणूनच ससे माहीत असलेलाच डॉक्टर लागतो.

ए-४०४: पण तो ओळखायचा कसा? पाटीवर तर सगळेच "सर्व प्राणी" लिहितात.

सी-३०२: मी एकच विचारते, ऑपरेशनआधी सशाला किती वेळ उपाशी ठेवायचं? रात्रभर म्हणाले तर फोन ठेवून द्यायचा. सशाला उलटी होतच नाही, त्यामुळं कुत्र्यासारखा रात्रभर उपास लागत नाही, उलट घातक ठरतो. मागच्या दाढा तपासता का, हेही विचारा. सशाचे दात जन्मभर वाढतात, वैरण कमी पडली की टोकं वाढून गालात-जिभेत रुततात आणि खाणं सुटतं. एका डॉक्टरांनी मला सरळ सांगितलं, "ताई, मी गाई-म्हशींचा माणूस, ससा माझ्याच्यानं होणार नाही." फार बरं वाटलं मला.

डी-१०३: आमचे बजरीगर पिसं फुगवून बसलेत दुपारपासून. थांबू का?

सी-३०२: थांबू नका. पक्षी आजार लपवतात, दिसायला लागतो तोवर बराच पुढं गेलेला असतो. पिंजरा ऊबेत ठेवा, तळाचा कागद बदलू नका, तोच विष्ठेसकट डॉक्टरांना दाखवा. रोज ग्रॅमच्या काट्यावर वजन घेत जा, उतरलेलं आधी तिथंच कळतं.

बी-२०४, मुक्ताची आई: उदगीरला फोन लागला, घेऊन या म्हणाले. निघतोय.

सी-३०२: शेवटची लेंडी कधी पडली ते लक्षात ठेवा, डॉक्टर आधी तेच विचारतील.