पाणी बदललं की तासाभरात मासे वर येतात – कोल्हापूर, नळाचं पाणी

राजारामपुरी_७
मंडळी, टँक ३ फूट लांब, १ फूट रुंद, सव्वा फूट उंच. पाणी साधारण १०० लिटर. ४ गोल्डफिश, ६ मॉली. रविवारी निम्मं पाणी काढून थेट नळाचं भरलं, फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुतला. तासाभरात सगळे वर तोंड काढून धापा टाकायला लागले. सोमवारी २ मॉली गेल्या. आज मंगळवार, गोल्डफिश पर मिटून तळाला बसलेत, कल्ले लालभडक. दुकानातून मिथिलीन ब्लू (माशांचं निळं औषध) मिळालंय. टाकू का?

जलचर
नका टाकू. हा रोग नाही, दोन वेगळे मार आहेत.

तासाभरात वर आले ते क्लोरीनमुळे. तो कल्ले जाळतो, मग पाण्यात ऑक्सिजन असूनही माशाला घेता येत नाही. पावसाळ्यात पंचगंगा गढूळ झाली की क्लोरीन जास्त लागतं, नळाला वासही येतो. असं पाणी थेट ओतायचंच नाही.

आजचं दुखणं स्पंजचं. अमोनिया (माशांच्या घाणीतून होणारं विष) पचवणारे जिवाणू स्पंजवरच्या बुळबुळीत थरातच राहतात. नळाखाली ते धुऊन गेले, उरलेल्यांना मिथिलीन ब्लू मारेल. स्पंज नेहमी टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, तोही हलका.

आता एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चोवीस तास चालू, २ दिवस खाणं बंद. आधी अमोनिया आणि पीएच मोजा.

उद्यमनगर
नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला हायपोचे खडे वापरा. माप: १०० मिली पाण्यात १० ग्रॅम खडे विरघळवा, त्यातलं १ मिली १० लिटरच्या बादलीला. वास उग्र असेल तर २ मिली. बादलीतच ढवळायचं, ५ मिनिटांनी टँकमध्ये. दुकानात ‘सोडियम थायोसल्फेट’ असं पूर्ण नाव सांगा भावा. नुसतं हायपो म्हटलं तर कुणी सोडियम हायपोक्लोराइट देईल, आणि ते तर क्लोरीनचंच द्रावण.

राजारामपुरी_७
किट आणलं. अमोनिया १ पीपीएम, पीएच ७.८. बोअरचं पाणी वापरू का?

जलचर
बोअरचं नको, निदान आत्ता तरी. त्यात ऑक्सिजन कमी असतो, हवा मारून २४ तास ठेवावं लागतं. शिवाय पीएच वर सरकला तर तोच अमोनिया जास्त विषारी होतो.

आज ४० लिटर बदला, उद्यापासून रोज २५, किटवर अमोनिया ०.२५ च्या खाली येईपर्यंत. नवं पाणी टँकपेक्षा १-२ अंशांहून जास्त गार नको, नाहीतर आठवड्याभरात पांढरे ठिपके दिसतील. कुणाच्या निरोगी टँकमधला काळपट स्पंज मिळाला तर तुमच्या फिल्टरमध्ये तसाच ठेवा. नाही मिळाला तर जिवाणू बसायला ३-४ आठवडे धरा.