.45, .40, 9 मिमी... बोअरची (नळीच्या व्यासाची) आवड इतकी का बदलत गेली?

वरळी_रेंज:
25 मीटर सेंटर फायर या पिस्तूल नेमबाजी स्पर्धेची तयारी सुरू करतोय. रेंजवर जो तो .32 घेऊन उभा. बाहेरच्या देशांतले पोलीस आणि सैन्य मात्र .45 वरून 9 मिमी, मधेच .40, परत 9 मिमी असे फिरत राहिले. असं का झालं? आणि मोठी गोळी म्हणजे कागदावर मोठं भोक, रेषेला लागून एखादा गुण जास्त, मग स्पर्धेला .38 का नको?

बिनधूर:
तो गुण मिळत नाही. कागदी टार्गेटवर शंका आली की भोकात गेज (ठराविक जाडीचं माप) घालून बघतात, आणि सेंटर फायरचा गेज सगळ्यांना 9.65 मिमीचाच असतो, गोळी .32 ची असो की .38 ची. म्हणजे बारीक गोळीला मोठ्या भोकाचा फायदा फुकट मिळतो. उरतो फक्त धक्का. रॅपिड या झटपट टप्प्याच्या 30 शॉट्समध्ये टार्गेट 3 सेकंद समोर, 7 सेकंद आड. पकड हातात जरा जरी सरकली तरी पुढच्या शॉटला ती बसवत बसायला वेळ नसतो.

काडतूस .32 एस अँड डब्ल्यू लाँग वॅडकटरच घ्या. वॅडकटर म्हणजे साधारण 98 ग्रेन (गोळीच्या वजनाचं एकक) वजनाची शिशाची गोळी, तोंड सपाट, केसच्या (काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या) काठाशी समतल बसवलेली. कागद पंचने कापल्यासारखा गोल कापला जातो. गोल तोंडाची गोळी कागद फाडते, मग कड कुठे होती यावरून वाद. शिवाय वॅडकटरच्या पिस्तुलाची मॅगझिन समतल गोळीच्याच मापाची असते, बाहेर आलेली गोळी तिच्यात मावतच नाही. चेंबरच्या तोंडाशी शिसं आणि मेण साचलं की काडतूस पूर्ण आत जात नाही, स्लाइड केसभर उघडी राहते आणि घोडा दाबूनही काही होत नाही. ब्राँझचा ब्रश तिथे फिरवायला विसरू नका.

जुनं_पितळ:
इतिहासाचं सांगतो. मोठी गोळी मागे पडली ती हातामुळे. ब्रिटिशांचं .455 वेब्ली नवशिक्याला शिकवायला अवघड, म्हणून 1930 च्या दशकात .38 चं एनफिल्ड आलं. अमेरिकी सैन्याने 1911 पासूनचं .45 बाजूला ठेवून 1985 मध्ये 9 मिमी बेरेटा घेतलं.

मग 11 एप्रिल 1986 ला मायामीत एफबीआयची चकमक झाली. दोन एजंट गेले. हल्लेखोराला लागलेली 9 मिमीची एक गोळी हृदयाच्या अलीकडेच थांबली होती. त्यावरून 10 मिमी निवडलं गेलं, पण पूर्ण ताकदीचा धक्का बऱ्याच जणांना झेपेना. दारू कमी केली, तर केसमध्ये जागा रिकामी राहिली. म्हणून केसच आखूड केली, 25 मिमीवरून साडेएकवीसच्या आसपास. ते 1990 चं .40 एस अँड डब्ल्यू. 9 मिमीच्या आकाराच्या पिस्तुलात ते बसलं, हे त्याचं खरं यश.

पुढे गोळ्याच सुधारल्या. चाचणीच्या जिलेटिनमध्ये 12 ते 18 इंच जाणं, जाड कपड्यांतून गेल्यावरही फुलणं, ही परीक्षा 9 मिमी पास होऊ लागलं. मग .40 कडून मिळणार काय? जास्त धक्का, मॅगझिनमध्ये कमी राउंड, पिस्तुलाची जास्त झीज. 2014-15 च्या सुमारास एफबीआय परत 9 मिमीवर आली. माझ्या मते इथे बोअरपेक्षा गोळीची बनावट जिंकली.

परवाना_32:
आपल्याकडे मात्र बोअर कायदा ठरवतो. .380 किंवा .455 रिम्ड (बुडाला बाहेर आलेली कड, म्हणजे रिम, असलेलं) किंवा सरकारी 9 मिमी काडतूस ज्यातून उडतं ते हत्यार प्रतिबंधित बोअरमध्ये जातं. पोलीस आयुक्तालयातून मिळणाऱ्या साध्या परवान्यावर म्हणून बहुतेक .32 च.

पण हे दोन वेगळे .32 आहेत, दुकानात नीट सांगा. कानपूरच्या रिव्हॉल्व्हरला .32 एस अँड डब्ल्यू लाँग लागतं, केस 23 मिमीहून जराशी लांब, रिम रुंद. अशनी पिस्तुलाला .32 एसीपी, केस 17 मिमी. एकाचं दुसऱ्यात घालायचं नाही, बसतंय असं वाटलं तरी नाही.

वरळी_रेंज:
सर्वांचे आभार. एसीपीमध्ये रिम अडकते म्हणतात, ते काय?

परवाना_32:
त्याची रिम केसपेक्षा किंचितच बाहेर असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या मागे गेली की वरचं पुढे सरकतच नाही. भरताना प्रत्येक नवं काडतूस त्याची रिम खालच्याच्या रिमपुढे ठेवून सरकवा. 71 ग्रेनची बॉल (गोल तोंडाची, धातूच्या आवरणाची) गोळी लांब, त्यामुळे मागे-पुढे हलायला जागा कमी. 60 ग्रेनची हॉलो पॉइंट (तोंडाशी पोकळ) आखूड, तिथे हा त्रास जास्त. अडकलंच तर मॅगझिन काढा, चेंबर रिकामं बघा आणि वरचं काडतूस हाताने मोकळं करा. स्लाइड जोरात ओढत बसलात तर रिम आणखी घट्ट अडकते.