बफर 1 एमबीचा केला की कॉपी फास्ट होते, हे कुणी सांगितलं?

तळेगावकर: काल इथे फाइल कॉपीच्या बफरबद्दल (एका वेळी वाचलेला तुकडा ठेवायची मेमरीतली जागा) एकाने लिहिलं, "1024 बाइटचा बफर जुन्या काळातला, आता रॅम भरपूर आहे, सरळ 1 एमबी घ्या." राहवलं नाही म्हणून लिहितोय. 1024 ने सिस्टिम कॉल (ऑपरेटिंग सिस्टिमला वाचा-लिहायला सांगणं) ढीगभर होतात हे मान्य, पण 64 केबीपर्यंत आलात की तो खर्च बहुतेक वसूल होतो, पुढे हातात फारसं काही लागत नाही. आमच्या डाउनलोड सर्व्हिसमध्ये एकाने 4 एमबी ठेवला होता, दर रिक्वेस्टला बफरसाठी नवा अ‍ॅरे, हीप (प्रोग्रामला मिळालेली मेमरी) 1 जीबीचा, एकदम 300 जण आले आणि सगळं आडवं. रात्री दोनला उठून 16 केबी केलं, बाकी एक ओळ बदलली नाही, सकाळपर्यंत शांत.

सोलापुरी_कोडर: ती पोस्ट माझीच. तुमचा हीप बफरने नाही, दर वेळी नवा अ‍ॅरे घेतल्याने मेला. पूल करा ना, तेच बफर परत वापरा! लिनक्सवरचं साधं कॅट (फाइल वाचून दाखवणारी कमांड) 2014 पासून 128 केबी घ्यायचं, 2024 पासून 256 केबी घेतं, ते काय उगाच?

मनाली: कॅट एकटं चालतं हो, 300 थ्रेडमध्ये नाही. डॉटनेटच्या कॉपीटूचा (कॉपी करणाऱ्या तयार मेथडचा) आकडा बघा, 81920 बाइट. 85,000 बाइटला लार्ज ऑब्जेक्ट हीप (मोठ्या ऑब्जेक्टसाठीची वेगळी मेमरी) सुरू होतो म्हणून त्याच्या खालचा 4096 च्या पटीतला सगळ्यात मोठा आकडा घेतलाय. याला विचार करणं म्हणतात.

भाऊ_बॅकएंड: मुळात हा तुकडा-तुकडा वाचून लिहायचा लूप हाताने लिहिताच कशाला? जावा 9 पासून ट्रान्सफरटू ही तयार मेथड आहे, कॉपी तीच करते. आमच्याकडे एकाने वाचलेले बाइट न मोजता अख्खा बफर राइट केला, शेवटच्या तुकड्यामागे आधीचा कचरा चिकटला, पीडीएफवरची डिजिटल सही फेल. चार दिवस सहीवाल्या व्हेंडरशी भांडलो. शेवटी फायलींच्या साइझ बघितल्या तर सगळ्यांना 8192 ने पूर्ण भाग जातोय!

सोलापुरी_कोडर: क्लायंट जावा 8 वरून हलत नाही, अपग्रेड मागितलं की बजेट नाही म्हणतात. लूप हौस म्हणून लिहितो का आम्ही?

भाऊ_बॅकएंड: मग एकदाच एका युटिलिटीत लिहा. सतरा क्लासमध्ये सतरा लूप चिकटवायचे आणि वर क्लायंटला नावं ठेवायची, हे चालणार नाही.

सोलापुरी_कोडर: माझा कोड न बघता बोलू नका.

तळेगावकर: अरे भांडू नका, आकड्याचं बोला. मोजलंय का तुम्ही?

सोलापुरी_कोडर: आत्ता मोजलं. 2 जीबीची फाइल, 64 केबी आणि 1 एमबी, फरक दिसत नाही. बरं, सर्व्हरसाठी 1 एमबी मागे घेतो. पण नेटवर्क ड्राइव्हवर मोजल्याशिवाय तुमचे 64 केबीही मानणार नाही.